सोडावा की धरून ठेवावा? नाराज खेळाडूंच्या प्रश्नाचा आढावा

संघातला सर्वांत मोठा खेळाडू 'मला आता इथे खेळायचं नाही' असं म्हणाला, तर संघाने काय करायचं? करारावर बोट ठेवून त्याला थांबवायचं, की चांगला मोबदला पदरात पाडून जाऊ द्यायचं? अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएत, हा वाद जवळपास दर वर्षी रंगतो. महाराष्ट्रातल्या बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा तसा बाजारच नाही. आपल्याकडे हा प्रश्न क्रिकेटमधून आला, आणि २०२५ या एकाच वर्षात तीन मोठ्या प्रसंगांनी समोर आला. एप्रिलमध्ये यशस्वी जैस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागितलं. जूनमध्ये पृथ्वी शॉने मुंबई सोडली आणि तो महाराष्ट्राच्या संघात आला. नोव्हेंबरमध्ये संजू सॅमसन राजस्थान रॉयल्समधून चेन्नई सुपर किंग्जमध्ये गेला आणि त्या बदल्यात रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानात आला.

या घटनांची चर्चा मावळात जरा जास्तच आपलेपणाने झाली. गहुंज्याचं स्टेडियम परंदवडीपासून काही किलोमीटरवर आहे. शिवाय 'आपला खेळाडू' आणि 'बाहेरचा खेळाडू' हा वाद परंदवडी, सोमाटणे, उर्से, बेबडओहोळ या पट्ट्यातल्या कुठल्याही टेनिस बॉल खेळणाऱ्या पोराला नवा नाही. 'एक गाव, एक संघ' अशी अट असली की टॉसआधी आधार कार्डं तपासली जातात. ओपन स्पर्धा असली की मात्र जो संघ बोलावेल त्याच्याकडून चांगला बॅट्समन उतरतो, आणि गावाच्या टीमला त्याचा राग येतो. खेळाडू नक्की कोणाचा, हा प्रश्न पैशांच्या लीग येण्याआधीपासून आपल्या मैदानांवर आहे. तो आज कुठवर आला आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

संस्थानं, कंपन्या आणि ना हरकत

खेळाडू एका संघाशी कायमचा बांधलेला असतो, ही समजूत आपल्या क्रिकेटचा इतिहास पाहिला तर फारशी टिकत नाही. रणजी स्पर्धेच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठे खेळाडू नोकरी आणि राजाश्रय जिथे मिळेल तिथे जात. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. त्यानंतर थोड्याच काळात ते त्याच बडोद्याकडून खेळू लागले आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासोबत त्यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली. भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३ ची खेळी महाराष्ट्राकडून, डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, काठियावाडविरुद्ध झाली. पण कारकिर्दीत ते बडोदा, होळकर, रेल्वे, राजस्थान अशा कितीतरी संघांकडून खेळले. नागपूरचे सी. के. नायुडू होळकरांच्या सैन्यात अधिकारी होते, आणि रणजी करंडक चार वेळा जिंकणाऱ्या होळकर संघाचा ते कणा होते. पुण्याचे चंदू बोर्डे बडोदा आणि महाराष्ट्र या दोन्ही संघांकडून खेळले. या कोणालाही त्या काळी कुणी फुटीर म्हटलं नाही.

पुढे संस्थानं गेली आणि त्यांची जागा कंपन्यांनी घेतली. मुंबईच्या टाइम्स शील्डमध्ये निरलॉन, मफतलाल, टाटा, एसीसी असे संघ असत. सुनील गावस्कर निरलॉनचे, अशोक मांकड आणि एकनाथ सोलकर मफतलालचे. इथे खेळाडूला बांधून ठेवायला वेगळा करार लागत नसे, नोकरी पुरेशी होती. संघ सोडायचा म्हणजे पगार, बढती आणि बऱ्याचदा निवृत्तीनंतरची सोयही सोडायची. कबड्डीत पोलीस, रेल्वे आणि कंपन्यांचे संघ खेळाडूंना असंच नोकरीवर घेत आले आहेत.

राज्य संघटनांचा अंमल वाढल्यावर ना हरकत प्रमाणपत्राची पद्धत पक्की झाली. एका राज्यातून दुसऱ्या राज्याकडे जायचं तर आधीच्या संघटनेने 'आमची हरकत नाही' असं लिहून द्यायचं. संदीप पाटील मुंबईचं क्रिकेट संपवून मध्य प्रदेशकडे गेले आणि त्या संघाचे कर्णधार झाले. वसीम जाफर २०१५ मध्ये विदर्भाकडे गेला. २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा तो संघात होता आणि प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. मुंबईने सोडलेल्या माणसांच्या अनुभवावर विदर्भ उभा राहिला, असं म्हटलं तर त्यात फार अतिशयोक्ती नाही.

याच काळात परदेशात लढाई कोर्टात गेली होती. बेसबॉलपटू कर्ट फ्लडने १९६९ मध्ये सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला जायला नकार दिला. १९७२ मध्ये तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरला, पण काही वर्षांतच खेळाडूला कायमचं बांधून ठेवणारी पद्धत मोडली. युरोपात बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानच्या दाव्याचा निकाल डिसेंबर १९९५ मध्ये लागला. करार संपल्यावर फुटबॉलपटूला अडवून ठेवण्याचा क्लबचा अधिकार त्यानंतर संपला. भारतीय क्रिकेटमध्ये या तोडीचा निकाल आजवर झालेला नाही. आपल्याकडचे नियम बोर्ड आणि संघमालक यांच्या बैठकांत ठरत आले.

लिलाव आल्यावर

आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी अदलाबदल सुरू झाली. श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरहून मुंबईला आला आणि त्याच्या बदल्यात रॉबिन उथप्पा बंगळूरला गेला. आपली जायची तयारी नव्हती, असं उथप्पाने बऱ्याच वर्षांनी उघड सांगितलं. पहिल्या काही व्यवहारांपैकी एकातच 'खेळाडूची इच्छा' हा प्रश्न दडलेला होता.

नियमांची खरी धार दिसली ती २०१० मध्ये. राजस्थान रॉयल्सशी करार असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल जडेजावर त्या पूर्ण मोसमाची बंदी आली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्यातून सगळ्या तरुण खेळाडूंना एक गोष्ट कळली: बाहेर पडायचं असेल तर आपल्या संघाच्या दारातूनच जावं लागतं. २०११ मध्ये तो कोचीकडे गेला, २०१२ मध्ये वीस लाख डॉलरला चेन्नईने घेतला आणि २०२५ च्या अखेरीस पुन्हा त्याच राजस्थानात आला.

आजचा नियम थोडक्यात असा. ठरवून दिलेल्या मुदतीत दोन संघ अदलाबदल करू शकतात, खेळाडू घेऊन किंवा रोख रक्कम घेऊन. खेळाडूचं मानधन संघाच्या ठरावीक रकमेत मोजलं जातं. दोन संघांतला वरचा व्यवहार, म्हणजे हस्तांतराची रक्कम, मात्र जाहीर होत नाही. आणि खेळाडूची संमती लागते.

या शेवटच्या अटीकडे नीट पाहायला हवं. खेळाडूला त्याच्या मनाविरुद्ध पाठवता येत नाही, ही चांगली तरतूद आहे. एनबीएत बहुतेक खेळाडूंना हे संरक्षण नाही. तिथे संघ ठरवेल त्या शहरात सामान घेऊन जावं लागतं, आणि 'माझ्या परवानगीशिवाय मला विकायचं नाही' असं करारात लिहून घेणारे फार थोडे. पण आपल्या नियमाची दुसरी बाजू अशी, की खेळाडूने जायचं ठरवलं तरी त्याला जाता येत नाही. संघ 'नाही' म्हणाला की विषय संपतो. नकार देण्याची ताकद दोघांकडे आहे, खेळाडूची मागणी मान्य करायची की नाही, हे मात्र संघच ठरवतो. एनबीएत कागदावर खेळाडूचा हक्क कमी, पण त्याच्यामागे मजबूत युनियन, एजंट आणि सामूहिक करार उभा असतो. म्हणून तिथला नाराज खेळाडू बऱ्याचदा आपलं म्हणणं खरं करून घेतो. आपल्याकडे हक्क कागदावर दिसतो, पण त्यामागे कोणी उभं नाही.

संघ का सोडत नाही

संघाच्या हट्टाला बाहेरून नुसता अहंकार समजला जातो. आत डोकावलं तर कारणं बरीच असतात आणि त्यातली काही वजनदार आहेत.

पहिलं कारण म्हणजे तसाच दुसरा माणूस न मिळणं. सॅमसन २०२१ पासून राजस्थानचा कर्णधार होता, यष्टिरक्षक होता, वरच्या फळीतला फलंदाज होता. २०२५ साठी त्याला १८ कोटींना कायम ठेवलं होतं. एका माणसात ही तीन कामं सामावलेली असताना त्याला सोडायचं म्हणजे तीन जागा भरायच्या. चांगले भारतीय यष्टिरक्षक-फलंदाज मोजकेच आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत ते सोडत नाहीत. अशा वेळी राजस्थानने घाई केली नाही, यात नवल नाही. शेवटी जडेजा आणि सॅम करन असे दोघे मिळाले तेव्हाच व्यवहार झाला.

दुसरं कारण पायंड्याचं. एकाने तोंड फुगवलं आणि त्याला हवं ते मिळालं, तर उद्या दुसरा तेच करेल, ही भीती संघचालकांना खरोखर असते. तिसरं कारण बाजाराचं. खेळाडू नाराज आहे हे सगळ्यांना कळलं की समोरचा संघ भाव पाडून मागतो. त्यामुळे 'आम्हाला गरज नाही, तो आमच्याकडेच राहील' असं म्हणत राहणं हा सौद्याचाच एक भाग असतो. आणि चौथं कारण प्रेक्षकांचं. चेन्नईकर जडेजाला बारा मोसम पिवळ्या कपड्यांत पाहत होते. मुंबईकरांनी रोहित शर्माबरोबर २०१३ ते २०२० या काळात पाच विजेतेपदं पाहिली. स्टेडियम भरतं ते अशा नात्यांवर.

राज्य संघटनांच्या बाजूला आणखी एक मुद्दा जोडला जातो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला निवडून, वयोगटांच्या संघांतून खेळवून, मैदानं आणि प्रशिक्षक पुरवून मोठा करायचा आणि तो भारताचा खेळाडू झाल्यावर दुसऱ्या राज्याने न्यायचा, हे न्याय्य आहे का? फुटबॉलमध्ये हस्तांतराच्या रकमेतला काही हिस्सा खेळाडूला घडवणाऱ्या लहान क्लबांकडे जातो. आपल्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये गावातल्या किंवा शाळेतल्या प्रशिक्षकाकडे असा हिस्सा पोहोचण्याची सोय नाही. ही तक्रार मला पटते.

खेळाडू काय म्हणतो

खेळाडूची बाजू वेळेपासून सुरू होते. क्रिकेटपटूची भरात असलेली वर्षं दहा-बारा. त्यातली दोन चुकीच्या संघात गेली तर ती परत मिळत नाहीत. नोकरदाराला राजीनामा देता येतो; खेळाडूने संघाचा राजीनामा दिला तर खेळायचं कुठे? आंध्रच्या हनुमा विहारीने २०२४ च्या रणजी मोसमात पहिल्याच सामन्यानंतर कर्णधारपद सोडलं. पुढे त्याने आंध्रकडून न खेळण्याचं जाहीर केलं आणि ना हरकत मागितली. दोन महिने झाले तरी उत्तर नाही, असं त्याला त्या जूनमध्ये जाहीरपणे लिहावं लागलं. नंतर संघटनेतली माणसं बदलली आणि तो थांबला. २०२५ मध्ये त्रिपुराकडे गेला. भारताकडून कसोटी खेळलेल्या माणसाची ही गत, तर जिल्ह्याच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलाने कोणाकडे दाद मागायची?

दुसरा मुद्दा नाराजीच्या कारणांचा. बाहेर 'पैशासाठी चालला' असं म्हटलं जातं. नोंदी पाहिल्या तर पैसा हे कारण तितकंसं दिसत नाही. जैस्वाल गोव्याकडे निघाला तेव्हा त्याने तिथे मिळणाऱ्या नेतृत्वाच्या संधीचा उल्लेख केला. हार्दिक पांड्याने गुजरातला २०२२ चं विजेतेपद मिळवून दिलं, २०२३ ला अंतिम फेरीत नेलं आणि तरी त्याला मुंबईत परतायचं होतं. दीपक हुडा २०२१ मध्ये बडोद्यातून बाहेर पडला तो कर्णधाराशी झालेल्या वादानंतर. कर्णधारपद, संघातली जागा, फलंदाजीचा क्रमांक, मान: नाराजीच्या मुळाशी पुन्हापुन्हा हेच सापडतं. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी संघाला एकही रुपया न खर्चता सुधारता येतात. म्हणूनच धरून ठेवण्याचा निर्णय बरोबर की चूक, हे धरून ठेवल्यावर संघ काय करतो त्यावर ठरतं.

धरून ठेवल्यावर काय झालं

इथे उदाहरणं भरपूर आहेत आणि ती एकाच दिशेला जात नाहीत.

सर्वांत गाजलेलं उदाहरण कोबी ब्रायंटचं. २००७ मध्ये त्याने लॉस एंजेलिस लेकर्सकडे उघडपणे दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी केली. लेकर्सनी बोलणी केली, पण सोडलं नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी मेम्फिसहून पाउ गॅसोलला आणलं. कोबीची मूळ तक्रार हीच होती की सोबतीला तोलामोलाचे खेळाडू नाहीत. २००९ आणि २०१० मध्ये लेकर्सनी विजेतेपद मिळवलं. संघाने खेळाडू धरून ठेवला आणि मिळालेला वेळ त्याची तक्रार दूर करण्यासाठी वापरला.

याच्या उलट फिलाडेल्फियाचं. २०२१ मध्ये बेन सिमन्सने संघ सोडण्याची मागणी केली. संघाने मनाजोगा सौदा मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं. खेळाडू खेळलाच नाही, दंड होत राहिले आणि अर्धा मोसम वाया गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ब्रुकलिनला गेला आणि बदल्यात जेम्स हार्डन आला. दीड वर्षाने हार्डननेही बाहेर जायची मागणी केली, व्यवस्थापकाला जाहीरपणे खोटारडा म्हटलं, एक लाख डॉलर दंड भरला आणि लॉस एंजेलिसला गेला. थांबून भाव चांगला मिळाला, पण नाराजीचं दुखणं संघातच राहिलं.

पोर्टलंडचा डेमियन लिलार्ड अकरा मोसम एकाच संघात होता. २०२३ च्या जुलैत त्याने फक्त मायामीला जायचं आहे असं सांगितलं. संघाने त्याचं ऐकलं नाही आणि सप्टेंबरात त्याला मिलवॉकीला पाठवलं. २०२५ मध्ये दुखापतीनंतर मिलवॉकीने त्याला मोकळं केलं तेव्हा तो पुन्हा पोर्टलंडमध्येच आला.

आपल्याकडे जडेजाचं २०२२ चं वर्ष पाहण्यासारखं आहे. मोसमाच्या तोंडावर चेन्नईने त्याला कर्णधार केलं. आठ सामन्यांपैकी सहा हरल्यावर त्याने कर्णधारपद धोनीकडे परत दिलं. पुढे दुखापतीने तो बाहेर गेला, आणि तो चेन्नईत राहणार नाही अशी चर्चा कित्येक महिने सुरू राहिली. चेन्नईने त्या नोव्हेंबरात त्याला कायम ठेवलं. मे २०२३ च्या अखेरीस अहमदाबादला अंतिम सामन्यात मोहित शर्माच्या शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या होत्या. जडेजाने एक षटकार आणि एक चौकार मारला. धरून ठेवण्याच्या बाजूने याहून चांगला पुरावा आयपीएलमध्ये शोधून सापडणार नाही.

आणि आमच्या गहुंज्याचंही एक उदाहरण आहे, जे या चर्चेत सहसा येत नाही. रायझिंग पुणे संघाने १९ फेब्रुवारी २०१७ रोजी धोनीच्या जागी स्टीव्ह स्मिथला कर्णधार नेमलं. धोनीने पद सोडलं नव्हतं, ते काढून घेण्यात आलं होतं. तो गप्प राहिला आणि खेळत राहिला. २२ एप्रिलला गहुंज्यात हैदराबादविरुद्ध १७७ धावांचं लक्ष्य होतं. धोनीने ३४ चेंडूंत नाबाद ६१ केल्या आणि शेवटच्या चेंडूवर चौकार मारून सामना जिंकला. पुणे संघ त्या वर्षी अंतिम फेरीत गेला आणि मुंबईकडून एका धावेने हरला. यातून काही जण असं काढतात की मोठा खेळाडू नाराज असला तरी खेळतोच, म्हणून त्याला धरून ठेवावं. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. पुणे संघ मुळातच दोन वर्षांसाठी होता, आणि निलंबन संपवून २०१८ ला चेन्नई परतणार हे धोनीला माहीत होतं. समोर दार उघडं दिसत असताना थांबणं आणि दार बंद असताना थांबणं यांत फरक आहे.

मुंबई इंडियन्सचा अनुभव या दोन्हींच्या मधला. १५ डिसेंबर २०२३ रोजी रोहितच्या जागी हार्दिक कर्णधार झाला. २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडवली गेली आणि मुंबई तळाला राहिली. ज्या गुजरातने हार्दिकला पंधरा कोटींना जाऊ दिलं, तो संघही आठव्या स्थानावर गेला. म्हणजे पहिल्या वर्षी त्या व्यवहारात कोणाचंच भलं झालं नाही. पुढे जूनमध्ये रोहितच्या नेतृत्वाखाली भारताने विश्वचषक जिंकला आणि शेवटचं षटक हार्दिकने टाकलं. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईने रोहितला १६ कोटी ३० लाखांना कायम ठेवलं आणि २०२५ मध्ये दोन्ही संघ बाद फेरीत होते. हे संघाच्या शहाणपणामुळे झालं की विश्वचषकामुळे, हे आजही नक्की सांगता येत नाही.

सोडून दिल्यावर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. करुण नायरला कर्नाटकात जागा उरली नव्हती. तो २०२३ मध्ये विदर्भाकडे आला. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने ७७९ धावा केल्या, आणि त्याच मोसमात नागपूरला केरळविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. विदर्भ विजेता झाला, करुण पुन्हा भारताकडून खेळला आणि नंतर कर्नाटकात परतला. श्रेयस अय्यरने कोलकात्याला २०२४ चं विजेतेपद मिळवून दिलं, तरी कोलकात्याने त्याला ठेवलं नाही. २६ कोटी ७५ लाखांना पंजाबने त्याला घेतलं आणि २०२५ मध्ये तो संघ अंतिम फेरीत गेला.

तीन राज्यांचं त्रांगडं

देशांतर्गत क्रिकेटमध्ये हा प्रश्न मुंबई, महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात गुंतला आहे, आणि इथे संघटनांचं वागणं एकसारखं नाही.

जैस्वालचं प्रकरण पाहा. मुंबईने त्याला अडवलं नाही, मागणी मान्य केली. गोव्यात तर त्याच्या कर्णधारपदाची चर्चा सुरू झाली. पण महिनाभरातच त्याने विचार बदलला, ना हरकत मागे घेण्यासाठी मुंबईला लिहिलं, आणि जूनच्या अखेरीस मुंबई क्रिकेट असोसिएशनने ते मान्य केलं. मला ही हाताळणी चांगली वाटते. जाण्याचं दार उघडं ठेवलं म्हणूनच परतण्याचंही उघडं राहिलं. अडवलं असतं तर कदाचित तो गेला असता आणि परतला नसता.

पृथ्वी शॉच्या वेळी मुंबईला त्याला धरून ठेवायची इच्छा फारशी नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्येच त्याला रणजी संघातून वगळलं होतं. महाराष्ट्राकडे आल्यावर त्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये गहुंज्यात मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात १८१ धावा केल्या. अर्शिन कुलकर्णीबरोबर सलामीला ३०५ धावांची भागीदारी झाली. बाद होताना मुंबईच्या जुन्या सहकाऱ्यांशी त्याची शाब्दिक चकमक झाली, ती बातमी धावांपेक्षा मोठी झाली. पुढे चंडीगडविरुद्ध त्याने रणजीत द्विशतक केलं.

गोव्याची बाजू मात्र या चर्चेत नेहमी मागे पडते. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये तिथे गेला आणि पदार्पणातच शतक केलं. सिद्धेश लाड गेला आणि परत आला. बाहेरचे खेळाडू आले की संघाची ताकद वाढते. पण मडगाव, म्हापसा, फोंड्याच्या मुलांना अकरा जणांत जागा कमी होते, ही तिथली जुनी खंत आहे. मोठ्या राज्यातल्या नाराज खेळाडूला मोकळं सोडणं म्हणजे कुठल्यातरी लहान राज्यातल्या मुलाची जागा घेणं, हा हिशेब दोन्ही बाजूंचे समर्थक सहसा मांडत नाहीत.

काय सुटलेलं नाही

पहिला प्रश्न तिसऱ्या माणसाचा. २०२५ च्या व्यवहारात नाराज होता सॅमसन, पण हलले तिघे. जडेजाचं मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आलं. संमती प्रत्येकाची घेतली गेली असणार, नियमच तसा आहे. पण ज्या संघाने 'तुला द्यायचं ठरवलं आहे' असं सूचित केलं, त्याला 'नाही, मी राहतो' म्हणणं कोणत्याही खेळाडूला किती शक्य असतं?

दुसरा प्रश्न पारदर्शकतेचा. हस्तांतराची रक्कम गुप्त राहते, त्यामुळे एखाद्या संघाने खेळाडू का सोडला किंवा का धरला हे बाहेरच्याला तपासता येत नाही. संघांचं म्हणणं, हा व्यापारी व्यवहार आहे. प्रेक्षकाचं म्हणणं, ज्या स्पर्धेत प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा आहे तिथे ही रक्कम त्या मर्यादेबाहेर आणि काळोखात का?

तिसरा प्रश्न पुराव्याचा. वर दिलेली उदाहरणं दोन्ही बाजूंना वापरता येतात आणि वापरली जातात. जडेजाचा षटकार आठवतो, कारण तो अंतिम सामन्यात आला. नाराज राहून मोसमभर साधारण खेळलेले खेळाडू आठवत नाहीत. माझं मत असं, की धरून ठेवणं तिथेच फळलं जिथे संघाने नाराजीचं कारण ओळखून त्यावर काहीतरी केलं. जिथे नुसता भाव वाढायची वाट पाहिली तिथे संबंध सुधारले नाहीत. पण हे मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

चौथा प्रश्न सर्वांत मोठा. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली. तिचं सभासदत्व निवृत्त खेळाडूंपुरतं आहे. सध्या खेळणाऱ्या भारतीय क्रिकेटपटूंची संघटना नाही. नाराज खेळाडू आणि त्याला न सोडणारा संघ यांच्यात वाद झाला तर खेळाडूच्या बाजूने बोलायला अधिकृतपणे कोणीही नाही. तो असतो, त्याचा एजंट असतो आणि समाजमाध्यमं असतात. आजचे बहुतेक वाद तिथेच फुटतात, याचं कारण हेच.

युनियन कधी होईल, होईल की नाही, हे सांगता येणार नाही. पण बोर्डाने आणि राज्य संघटनांनी तोवर एक गोष्ट करावी. ना हरकतीच्या अर्जावर तीस दिवसांत लेखी उत्तर बंधनकारक करावं, नकार असेल तर कारण द्यावं आणि त्यावर अपिलाची सोय ठेवावी. सॅमसन किंवा जैस्वालला याची गरज पडणार नाही. त्यांची बातमी होते. गरज आहे ती पुणे जिल्ह्यातून, गोव्यातून, विदर्भातून खेळणाऱ्या आणि ज्यांची बातमी होत नाही अशा मुलांना.